नेल्सनचा शिरपेच व त्याचे तेरा किरण

बाराव्या वर्षीं आरमारांत शिरून अखेरपर्यंत तेथेंच राहिलेला इंग्रज सेनापति नेल्सन यास तुर्कस्तानचा सुलतान तिसरा सेलीम यानें इ. स. १७९८ मध्यें ‘चेलेंक’ नांवाचें हिऱ्यांचें शिरोभूषण दिलें. त्याविषयीं दोन विधानें जेथें तेथें आढळतात. एक, तें तुर्की ‘ऑर्डर’ होतें. दुसरें, त्याचे तेरा किरण म्हणजे नाईलच्या लढाईंत फ्रेंचांनीं गमावलेलीं तेरा मोठीं लढाऊ जहाजें. हीं दोन्ही विधानें कसोटीस उतरत नाहींत. दुसरें तर आम्ही स्वतः अनेक वर्षें वर्गांत सांगत आलों. सबब ही टीका प्रथम आमच्यावरच आहे.

पहिल्या विधानाचा विचार करूं. चेलेंकबरोबर सुलतानानें केसाळ कातड्याचा मूल्यवान् झगा व जखमी खलाशांकरितां दोन हजार सुवर्णनाणीं पाठविलीं. वस्त्रें, शिरपेच, कलगी व तुरा यांच्या याद्या वाचलेल्या आमच्या वाचकांस या दानाची जात सांगावयास नको. हा दरबारी बहुमान होय. ‘ऑर्डर’ म्हणजे नियमांनीं बांधलेलें मानमंडळ. तसें चंद्रकोरीचें मंडळ सेलीमनें १७९९ सालीं स्थापिलें व त्याचा मान नेल्सनला निराळा दिला. १८०५ सालीं ट्रफाल्गार येथें नेल्सनच्या अंगांत असलेला डगला आज ग्रीनिच येथें आहे. त्याच्या छातीवर भरतकामाचे चार तारे असून त्यांत चंद्रकोरीचा एक आहे. चेलेंकची जागा मात्र टोपीवर. दोन वस्तु, दोन वर्षें व दोन स्थानें. त्यांस एक नांव देणें योग्य नव्हे.

आतां तेरांचा हिशेब. अबुकीरच्या उपसागरांत १ ऑगस्ट १७९८ रोजीं फ्रेंचांचीं तेरा मोठीं लढाऊ जहाजें व चार फ्रिगेटें नांगरलेलीं होतीं. तेरांपैकीं नऊ इंग्रजांच्या हातीं लागलीं, दोन जळालीं व दोन निसटलीं. म्हणजे गमावलीं तीं अकरा, तेरा नव्हेत. परंतु फ्रिगेटांपैकीं एक बुडालें व एक जळालें. हीं दोन मिळवितांच बेरीज बरोबर तेरा भरते. तत्कालीन वर्णनांत या शिरोभूषणास तेरा बोटांच्या उघड्या हाताची उपमा दिली असून तीं बोटें ‘धरलेल्या व नष्ट केलेल्या’ जहाजांचीं द्योतक आहेत, असा आशय आहे. तेथें ‘मोठीं’ हें विशेषण नाहीं. मूळ लेख अशा रीतीनें शुद्ध ठरतो. दोष मागाहून शिरलेल्या एका विशेषणाचा आहे. फ्रेंचांच्या रांगेंतील मोठीं जहाजेंहि तेराच असल्यामुळें हा दोष कोणास खुपला नाहीं. जुळणारा आंकडा हा चुकीचा सर्वांत सुरक्षित आश्रय असतो.

चित्राचा आधार घेणारांसहि एक सूचना. अ‍ॅबट या चित्रकारानें काढलेलें, टोपीवर चेलेंक असलेलें नेल्सनचें चित्र प्रसिद्ध असून तें १७९९ सालचें म्हणून दाखवितात. पण नेल्सन अ‍ॅबटपुढें बसला तो १७९७ सालीं; दागिना मिळाला त्यानंतर, आणि नेल्सन इंग्लंडांत परतला १८०० च्या नोव्हेंबरांत. तेव्हां चेहरा पाहून काढलेला असला तरी दागिना पाहून काढलेला नाहीं. एकाच फलकावरील दोन वस्तूंचें प्रामाण्य असें भिन्न असूं शकतें.

ही छाननी केवळ पांडित्याची हौस म्हणून केलेली नाहीं. ग्रीनिचच्या संग्रहालयांतून १९५१ सालीं तो दागिना चोरीस गेला व पुन्हां मिळाला नाहीं. मूळ वस्तु हातीं असती तर शंका आल्यावर ती उघडून पाहतां आली असती. आतां वर्णन, चित्र व हिशेब एवढेंच साक्षीदार उरले आहेत. आमच्या पुष्कळ दप्तरांची दशा याहून निराळी नाहीं: अस्सल गेलें व नक्कल राहिली. म्हणून नक्कल करणारांस आमची विनंति इतकीच कीं, आंकडा उतरवितांना तो कशाचा हेंहि उतरवावें. आणि मूळांत नसलेलें विशेषण, अर्थ कितीहि उघड वाटला तरी, आपल्या पदरचें घालूं नये.