कोल्हापूरच्या वाइल्डर मंडळीचीं इतिहाससाधनें

कोल्हापुरांतील अमेरिकन मिशनचा इतिहास लिहूं जाणाऱ्याच्या हातीं प्रथम येतें तें रेव्ह. रॉयल गूल्ड वाइल्डर यांचें, हिंदुस्थानांतील मिशनशाळांविषयीं १८६१ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी पुस्तक. शाळांच्या चर्चेस त्यांत चार मिशनांचीं वर्णनेंहि जोडलीं आहेत. हें पुस्तक साधन म्हणून किती चालतें, आणि त्याच्या जोडीस काय असावयास पाहिजे, एवढाच प्रश्न येथें घेतों.

वाइल्डर यांचा जन्म अमेरिकेंतील व्हरमाँट प्रांतीं १८१६ सालचा. १८४६ त ते अहमदनगरास आले व १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरास. दोनच वर्षांनीं, १८५४-५५ त, त्यांच्या बोर्डाचे चिटणीस डॉ. रूफस अँडरसन हिंदुस्थानांत आले. इंग्रजी शिक्षण आवरावें, शाळा मुख्यतः ख्रिस्ती मुलांपुरत्या असाव्यात आणि बळ उपदेशावर खर्चावें, असें अँडरसन यांचें धोरण. सर्वांस खुली असलेली शाळा हेंच उपदेशाचें द्वार, असें वाइल्डर यांचें म्हणणें. तंटा वाढला, बोर्डाशीं संबंध तुटला, आणि हें पुस्तक त्या तंट्यांतून निघालें.

म्हणजे मराठी दप्तराच्या भाषेंत ही कैफियत होय. वतनाच्या वादांत एका पक्षाची कैफियत वाचून निवाडा करणारा आमच्या वाचकांत कोणी नसेल. दुसऱ्याची तकरीर मागवितात, गोताची साक्ष घेतात, मग महजर होतो. येथें दुसरा पक्ष अमेरिकेच्या छापील कागदांत बोलतोच. बोलत नाहीं तें गोत. कोल्हापुरांत ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला, ज्यांनीं मुलें या शाळांत घातलीं, त्यांच्याविषयीं दोन्ही पक्ष विपुल लिहितात. पण तें लिहिणें दूरदेशच्या वर्गणीदारांनीं वाचावें म्हणून आहे. संख्या व घटना यांकरितां तें उपयोगी, मनोगतासाठीं नाहीं. वाइल्डर खोटें लिहितात असा आमचा आरोप नव्हे. १८६१ त परत येऊन सुमारें दहा वर्षें कोणत्याहि बोर्डाच्या आधारावांचून त्यांनीं हें काम चालविलें, आणि मग तें प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलें. अशा माणसाच्या निष्ठेविषयीं शंका नको. निष्ठा ही मात्र साक्षीची जागा घेत नाहीं.

१८७५ त ते स्वदेशीं गेले, १८७८ त मिशनविषयक मासिक काढलें, आणि १८८७ त न्यूयॉर्क येथें वारले. पुढें अमेरिकन विद्यार्थ्यांच्या मिशनचळवळीचे पुढारी झालेले त्यांचे पुत्र रॉबर्ट हे १८६३ त कोल्हापुरांतच जन्मले. आज वाइल्डर मेमोरियल चर्च हें नांव येथें आहे. ज्यांचें नांव ते येथें विसावले नाहींत. ज्यांनीं मंडळी पिढ्यान्‌पिढ्या चालविली ते मात्र येथल्याच मातींत आहेत, आणि त्यांची साक्ष घ्यावयाची तर दफनभूमींतच जावें लागेल.

तेथें कोणी गेलें आहे काय? मुंबई सरकारनें १९१२ त इलाख्यांतील थडग्यांची सुधारलेली यादी छापली. १९७६ त लंडनमध्यें दक्षिण आशियांतील युरोपीय दफनभूमींच्या जतनार्थ संस्था निघाली. दोन्ही कामें स्तुत्य. परंतु दोहोंचें लक्ष मुख्यतः साहेबांच्या थडग्यांकडे. कर्नलचें थडगें यादींत चढतें, मराठी अक्षरांचें बाहेर राहतें. या नगरांतील शिलाहार विजयादित्याचा शके १०६५ चा लेख कीलहॉर्न यांनीं अक्षरशः वाचून छापला. शंभर-सव्वाशें वर्षांच्या मराठी लेखावर तितके श्रम घ्यावे असें आम्हां कोणास वाटलें नाहीं. दोष आमचाहि आहे. संस्कृत शिकलेल्या आमच्या पिढीनें ‘पाद्री मराठी’ म्हणून नाक मुरडलें, आणि त्यासरशीं त्या मराठींत नोंदलेलीं माणसेंहि बाजूस सारलीं.

दगड असतील तेथें कागद पाहूं नयेत असें नव्हे. इंग्लंडांतील क्वेकर पंथाचें उदाहरण बोधप्रद आहे. थडग्यावर नांव कोरणें हा व्यर्थ डौल, असें त्यांच्या वार्षिक सभेनें १७१७ त ठरविलें. साध्या, एकसारख्या दगडांस मोकळीक मिळाली ती १८५० त. तरी त्यांच्या मृतांचा शोध लागतो, कारण जन्म, विवाह व दफन यांच्या वह्या त्यांनीं कसोशीनें राखल्या आणि १८४० त सरकारच्या हवालीं करण्यापूर्वीं त्यांचे गोषवारे करून ठेवले. त्यांतहि एक फसगत आहे : महिन्यांचीं नांवें मूर्तिपूजकांचीं म्हणून ते ‘पहिला महिना’ असें लिहीत, आणि १७५२ पूर्वीं तो महिना मार्च होय, जानेवारी नव्हे. मृगसाल आणि इसवी सन यांचा मेळ घालतांना ज्यांचें वर्ष चुकलें असेल त्यांस हें निराळें सांगावयास नको.

ख्रिस्ती मंडळ्यांतहि बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा प्रघात आहे. वही आणि दगड समोरासमोर ठेवले म्हणजेच कैफियतीची परीक्षा होईल. गांव, आडनांव, वय, बाप्तिस्म्याचें नवें नांव घेतलें कीं जुनें राखलें, हें अहवालांतून नव्हे, येथून कळेल. जोडीस १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’ आहेच. लेख उतरतांना शुद्धलेखन सुधारूं नये. दगडावर ‘येशु’ ऱ्हस्व असेल तर तो ऱ्हस्वच लिहावा. तारेच्या ब्रशानें वा अम्लानें घासूं नये. सकाळच्या तिरप्या उन्हांत अक्षर आपोआप उठतें.

मंगळवार पेठेंत आमच्याकडे जुने रुमाल दाखवावयास येणारे गृहस्थ मोडी कागद तेवढे पुढें करतात, आणि मधलें एखादें छापील ख्रिस्ती पत्रक रद्दी म्हणून बाजूस ठेवतात. तें त्यांनीं टाकूं नये. ज्यांच्या घरीं ‘ज्ञानोदया’चे जुने अंक अथवा मंडळीच्या हस्तलिखित वह्यांच्या नकला असतील त्यांनीं त्या उतरून घेऊं द्याव्या, मूळ कागद धन्याच्याच घरीं राहील.