बेसिक की फोर्थ: निवड कोणासाठी?

मंडळी, आज आपण एका लहानशा निवडीकडे पाहू. १९८२ साली ब्रिटनमध्ये ज्युपिटर एस नावाचा घरगुती संगणक निघाला. तो बनवणारे रिचर्ड अल्टवासर आणि स्टीव्हन विकर्स आधी झेडएक्स स्पेक्ट्रमच्या कामात होते. म्हणजे बेसिक काय चीज आहे, हे त्यांना पक्के ठाऊक. तरीही त्यांनी यंत्रात फोर्थ बसवली.

कारणे भक्कम होती. तेव्हा मेमरी फार तुटपुंजी. १९८१ च्या झेडएक्स ८१ मध्ये मूळची १ किलोबाइटच होती. बेसिकचा इंटरप्रिटर प्रत्येक ओळ चालवताना ती नव्याने वाचतो, म्हणून धिमा. फोर्थ वेगवान, शिवाय जागाही कमी खाते. पण ज्युपिटर एस बाजारात चालला नाही. त्याचा पडदा काळापांढरा होता, हेही खरे. तरी भाषेचा प्रश्न उरतोच.

बेसिकमध्ये 'प्रिंट २ + ३' लिहिले की ५ येतात. फोर्थमध्ये आधी २, मग ३, मग अधिकचे चिन्ह, आणि उत्तर दाखव म्हणून शेवटी एक टिंब. सवयीने जमते, नाही असे नाही. पण कुठला आकडा कुठल्यावर रचला आहे, हे माणसाने लक्षात ठेवायचे. यंत्राचे ओझे उतरले, ते शिकणाऱ्याच्या डोक्यावर आले. आमचा आक्षेप इथे आहे.

बेसिक १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी घडवली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. डाइक्स्ट्रांनी तिच्यावर कडाडून टीका केली: तिने बुद्धीला कायमचे वाईट वळण लागते. आता, 'गोटू'ने सतत उड्या मारणारा प्रोग्रॅम वाचवत नाही, हे कबूल. पण 'कायमचे' कशावरून? १९८१ च्या बीबीसी मायक्रोसाठी सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या बेसिकमध्ये नाव दिलेल्या प्रोसीजर आणि 'रिपीट-अन्टिल' होते. शिस्त आली, दारही उघडे राहिले. आपल्याकडे 'क्लास' प्रकल्पातून शाळांत पोचली ती हीच यंत्रे.

म्हणून, भाषा चांगली की वाईट एवढेच विचारून भागत नाही. ती कोणासाठी चांगली, आणि तिच्या गुणांची किंमत कोणी मोजायची, हे आपण विचारले पाहिजे. फोर्थच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा यंत्राच्या बाजूने बोलतात. घरातल्या संगणकापुढे मात्र बसणार होते ते नवखे माणूस.