समांतर प्रक्रियांतील सामायिक माहिती : एक चिकित्सा

नागपूरजवळ कोराडी येथील औष्णिक विद्युत केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॅट क्षमतेचे तीन सुपरक्रिटिकल संच आहेत. त्यांतील वाफेचा दाब पाण्याच्या क्रांतिक दाबाहून, म्हणजे सुमारे २२१ बारहून, अधिक असतो. अशा संचावर देखरेख ठेवणाऱ्या संगणकव्यवस्थेत सामान्यतः अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. एक प्रक्रिया मापकांचे आकडे गोळा करते, दुसरी ते पडद्यावर दाखविते, तिसरी मर्यादा ओलांडली जाताच धोक्याची सूचना देते आणि चौथी या सर्वांची नोंद ठेविते. चौघींना लागणारी माहिती एकच. ती त्यांनी आपसांत कशी वाटून घ्यावी, हा समांतर आज्ञावलीच्या शास्त्रातील मूलभूत प्रश्न होय. त्याची दोन उत्तरे प्रचलित आहेत आणि अध्यापनात ती परस्परविरोधी संप्रदायांप्रमाणे मांडली जातात. ही मांडणी कितपत ग्राह्य आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिले उत्तर सामायिक स्मृतीचे. सर्व प्रक्रिया स्मृतीचा एकच भाग वाचतात व त्यातच लिहितात. नकला कराव्या लागत नसल्यामुळे वेग मिळतो, हा तिचा निर्विवाद गुण. परंतु दखल न घेतलेल्या सूचनांची संख्या ७ असताना दोन प्रक्रियांनी ती एकाच क्षणी वाचली, प्रत्येकीने तीत १ मिळविला आणि प्रत्येकीने ८ हा आकडा लिहिला, तर एक सूचना हिशेबातून नाहीशी होते. हा अनर्थ टाळण्यासाठी डायक्स्ट्रा यांनी १९६५ मधील आपल्या निबंधात सेमाफोरचे विवेचन केले. सामायिक विहिरीवर पाण्याची पाळी ठरलेली असावी, तशीच ही व्यवस्था आहे. पाळी मात्र प्रत्येकाने पाळली तरच उपयोगी. एकाही प्रक्रियेने सेमाफोर न विचारता स्मृतीत लिहिले, तर इतरांची शिस्त व्यर्थ ठरते. ही उणीव ओळखूनच ब्रिंच हॅन्सन व होअर यांनी १९७३-७४ च्या सुमारास मॉनिटरची कल्पना विकसित केली. तीत माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र बांधल्या जातात, आणि पाळी सांभाळण्याचे काम आज्ञावली लिहिणाराच्या स्मरणावर अवलंबून राहत नाही.

तथापि एक सूक्ष्म दोष यानंतरही उरतो. वाफेची अवस्था दाब व तापमान या दोहोंनी मिळून ठरते. दोन्ही आकड्यांना स्वतंत्र कुलपे लावली आणि वाचणाऱ्या प्रक्रियेने तापमान नवे पण दाब मागच्या क्षणाचा उचलला, तर एकही कुलूप मोडलेले नसते आणि प्रत्येक आकडा आपापल्या परीने खरा असतो. तरीही त्या जोडीने दर्शविलेली अवस्था बाष्पकात कधीच अस्तित्वात नव्हती. कुलूप जागेचे रक्षण करते. रक्षण व्हावयास हवे ते आकड्यांमधील संबंधाचे.

दुसरे उत्तर संदेशवहनाचे. होअर यांनी १९७८ मध्ये ते सुव्यवस्थित रूपात मांडले. प्रत्येक प्रक्रियेची स्मृती तिची स्वतःची असावी आणि इतरांशी व्यवहार केवळ संदेशाने व्हावा, हे त्याचे सूत्र. या विचारावर आधारलेल्या ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरातून पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यातील प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची स्मृती आणि शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे होते. माहितीचा धनी कोण, हे येथे रचनेवरूनच कळते. दाब व तापमान एकाच संदेशात पाठविले तर त्यांचा संबंधही अभंग राहतो. परंतु ते एकत्र पाठवावयास हवेत, हे संदेशवहन स्वतः सांगत नाही. शिवाय हाती येते ती नक्कल, आणि नक्कल नेहमी भूतकाळाची असते. दोन प्रक्रिया एकमेकींच्या संदेशाची वाट पाहत बसल्या, तर कुलपांच्या व्यवस्थेत होते तशीच कोंडी येथेही होते.

हा वाद केवळ पंडिती नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षातील सूचनाप्रणाली दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी निःशब्दपणे बंद पडली. दोन प्रक्रियांना एकाच माहितीरचनेत एकाच वेळी लिहिण्याची मुभा मिळाली, रचना बिघडली आणि सूचना देणारी प्रक्रिया अनंत आवर्तनात अडकली, असे पुढे आज्ञावलीच्या तपासणीत आढळले. मुख्य संगणक थांबल्यावर काम राखीव संगणकाकडे गेले. पण अडकलेली प्रक्रियाही त्याच अवस्थेत तेथे गेली आणि १३ मिनिटांत तोही थांबला. सूचना येत नाहीत याचा अर्थ सर्व सुरळीत आहे, असे कर्मचारी तासाभराहून अधिक काळ समजत राहिले. चारच्या सुमारास अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. या संकटाला तारांना भिडलेली झाडे व इतर कारणेही होती, हे खरे. परंतु वेळीच सावध होण्याची संधी हिरावली गेली ती या दोषामुळे.

यावरून दोन्ही संप्रदायांचे मूल्यमापन एकाच निकषावर करता येते. कोणी लिहावयाचे आणि कोणते आकडे एकत्रच बदलावयाचे, हा करार आज्ञावलीत कोठे स्पष्टपणे लिहिलेला आहे? पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर संदेशवहन आपल्या रचनेने देते. सामायिक स्मृतीत ते मुद्दाम द्यावे लागते. दुसरा अर्धा भाग दोन्हींकडे रचनाकारावरच सोपविलेला आहे. विद्युत केंद्रासारख्या ठिकाणी मध्यममार्गही उपलब्ध आहे. आकडे गोळा करणारी प्रक्रिया तेवढी लिहिते आणि प्रत्येक संपूर्ण आकडेसंचाला अनुक्रमांक देते. लेखन चालू असेतो क्रमांक विषम असतो, पुरे होताच सम होतो. वाचणारी प्रक्रिया आधी व नंतर तो क्रमांक पाहते. दोन्ही वेळा तोच सम क्रमांक दिसला तरच संच स्वीकारते, नाही तर पुन्हा वाचते. लिहिणारी एकच असेल तेथेच ही रीत साधते, ही तिची मर्यादा. पण करार तीत उघड दिसतो.

पदव्युत्तर वर्गात कुलूप आणि संदेश यांची तंत्रे आधी व अभंग ठेवावयाचे संबंध नंतर, असा क्रम रूढ आहे. तो उलटा व्हावयास हवा. काय जपावयाचे हे ठरल्यावाचून कसे जपावयाचे याची चर्चा निराधार राहते.