कूट आणि अभिज्ञान

रहस्यप्रधान कलाकृतीविषयी एक समजूत आपल्याकडे फार दृढ झालेली आहे. रहस्य आधी कळले की कृतीचा प्राण गेला, असे वाचकही मानतो आणि लेखकही. ही समजूत कितपत खरी आहे हे तपासून पाहण्यास ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेचे उदाहरण मला विशेष उपयुक्त वाटते. अ‍ॅलेक्स हर्श यांनी निर्मिलेली ही मालिका जून २०१२ ते फेब्रुवारी २०१६ या काळात चाळीस भागांत दाखविली गेली. ती मुलांसाठी होती. परंतु तिच्या प्रौढ चाहत्यांनी तिच्यावर जे परिश्रम घेतले, ते एरवी जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सकालाच शोभावेत. एकेक चित्र थांबवून पाहणे, पार्श्वभूमीतील अक्षरे टिपून घेणे, दोन भागांतील विसंगती ताडून पाहणे आणि त्यांवरून पात्रांच्या पूर्ववृत्ताविषयी उपपत्ती मांडणे, हा त्यांचा व्यासंगच झाला होता.

कथानक थोडक्यात असे : डिपर आणि मेबल ही बारा वर्षांची जुळी भावंडे उन्हाळ्याच्या सुटीत ऑरेगन राज्यातील एका आडगावी आपल्या चुलत आजोबांकडे येतात. हे आजोबा, स्टॅन पाइन्स, नकली चमत्कारिक वस्तूंचे प्रदर्शन मांडून प्रवाशांना लुबाडीत असतात. डिपरला अरण्यात एक वही सापडते. तिच्या वेष्टनावर सहा बोटांचा पंजा व ३ हा आकडा असतो. आत गावातील अद्भुत प्राण्यांच्या नोंदी आणि कोणावरही विश्वास न ठेवण्याचा इशारा असतो. या वहीचा लेखक कोण, आणि आजोबा स्वतःला म्हणवितात तेच आहेत काय, हे मालिकेतील दोन मुख्य प्रश्न होत.

या प्रश्नांभोवती हर्श यांनी कूटांची मोठीच आरास मांडली आहे. प्रत्येक भागाच्या अखेरीस एक सांकेतिक वाक्य येते. पहिल्या सहा भागांत रोमन लिपीतील प्रत्येक अक्षर तीन घरे सरकविलेले आहे, आणि ते मागे नेण्याची किल्ली शीर्षकगीताच्या शेवटी उलट्या ध्वनीत कुजबुजलेली आहे. पुढे सांकेतिक लिपी बदलत जाते. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे तीन उपयोग सांगितले आहेत : रसिकांच्या मेळाव्यातील विनोद, भर गर्दीत जाणत्यांचे आपसांतील गुप्त संभाषण, आणि इतरांना बुचकळ्यात टाकणे. हे तीनही उपयोग येथे जसेच्या तसे आढळतात. ज्यांना लिपी उलगडली त्यांची एक गोष्ठी बनली. ज्यांना ती उलगडली नाही त्यांना कथा तरीही समजत राहिली.

परंतु याच प्रहेलिकेविषयी ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाचा आक्षेपही आपण विसरता कामा नये. ती रसाच्या आड येते म्हणून तिला तो अलंकारच मानीत नाही. हा आक्षेप प्रस्तुत मालिकेला लागू पडतो काय, हे ठरविण्यासाठी चाहत्यांच्या सर्वांत प्रसिद्ध उपपत्तीकडे वळले पाहिजे.

स्टॅनला एक जुळा भाऊ असावा आणि तोच वह्यांचा लेखक असावा, ही ती उपपत्ती. तिला आधार होता. आजोबांचे नाव स्टॅन्फर्ड, पण त्यांच्या मोटारीच्या पाटीवरील स्वरहीन अक्षरे ‘स्टॅन्ली’ या नावाकडे निर्देश करीत होती. घरातील एका बंद खोलीत सापडलेला चष्मा ते कोणाच्या नकळत उचलून घेतात. ‘स्टॅन’ हे संक्षिप्त नाव दोन्ही नावांना सारखेच लागू पडते. म्हणजे साऱ्या रहस्याचा भार एका श्लेषावर तोललेला होता. भाषांतरकार म्हणून मला याचे कौतुक वाटते. अक्षरे सरकविण्याची कूटे देवनागरीत आणावयाची तर मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे ती नव्यानेच रचावी लागतील. हा श्लेष मात्र लिप्यंतरातही अभंग राहतो.

चाहत्यांनी हे उत्तर फार लवकर ओळखले. त्यावर हर्श यांनी २०१३ साली एक विलक्षण उपाय योजला. मॅकगकेट या वेडसर वृद्धाला तरुणपणी वही लिहिताना दाखविणारे एक बनावट चित्र त्यांनी जणू फुटलेले गुपित म्हणून पसरविले, आणि त्यावर जाहीर संतापही व्यक्त केला. ते चित्र आपलेच कृत्य असल्याची कबुली त्यांनी पुढे दिली. पुष्कळांना ही खोडी गमतीची वाटली. मला ती तशी वाटत नाही. कृतीच्या आत लेखकाने चकवा द्यावा. तो त्याचा हक्कच आहे, कारण तो चकवा कृतीतील पुराव्यांनीच तपासता येतो. कृतीच्या बाहेर येऊन त्याने असत्य पसरविले, तर त्या असत्याला तपासण्याचे साधन वाचकाजवळ उरत नाही. ज्याने सचोटीने वाचले त्यालाच त्याच्या सचोटीची शिक्षा होते. शिवाय या उपायाच्या मुळाशी भीती होती : उत्तर कळले तर पुढे काही उरणार नाही, ही भीती. स्वतःच्या निर्मितीविषयी हर्श यांचा हा अंदाज चुकीचा होता, असे माझे म्हणणे आहे.

‘अभिज्ञानशाकुंतला’त दुर्वासाचा शाप प्रेक्षकाला चौथ्या अंकातच ठाऊक होतो. दुष्यंताला का आठवत नाही, हे आपल्याला माहीत असते आणि त्याला नसते. पाचव्या अंकाची व्याकुळता याच अंतरातून जन्मते. कालिदासाने रहस्य राखले नाही, अभिज्ञान राखले. कूटाचे उत्तर माहितीत असते, तर अभिज्ञानात एका माणसाला दुसरा माणूस नव्याने ओळखावयाचा असतो. म्हणूनच पहिले एकदाच संपते आणि दुसरे कितीही वेळा अनुभवता येते.

मार्च २०१५ मध्ये प्रसारित झालेल्या भागात हा भेद स्पष्ट दिसतो. मुलांना आजोबांची खोटी ओळखपत्रे सापडतात, स्टॅन पाइन्सच्या मृत्यूची वृत्तपत्रीय बातमी सापडते, आणि घराखालचे प्रचंड यंत्र सापडते. यंत्र थांबविण्याची कळ मेबलच्या हाताशी आहे. डिपर ती दाबावयास सांगतो. सगळे पुरावे त्याच्या बाजूचे आहेत. आजोबा विश्वास ठेवण्याची विनवणी करतात. मेबल कळ सोडून देते. यंत्रातून सहा बोटांचा एक पुरुष बाहेर येतो, आणि तो आजोबांचा भाऊ निघतो.

उपपत्ती रचणारा चाहता येथे डिपरच्या जागी उभा आहे. भाऊ आहे, हे त्याने अचूक ओळखले होते. परंतु या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवावा काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कोणत्याही टिपणात नव्हते. हा प्रसंग उत्तर माहीत असलेल्यालाही व्याकूळ करतो तो यामुळेच.

जुलै २०१५ च्या भागात पूर्ववृत्त उलगडते. ज्याला आपण स्टॅन्फर्ड समजत होतो तो स्टॅन्ली. किशोरवयात बापाने घराबाहेर काढलेला, पुढे भावाशी झालेल्या झटापटीत त्याला यंत्रात गमावून बसलेला, आणि त्याचेच नाव धारण करून तीस वर्षे त्याला परत आणण्यासाठी झटलेला. परत आलेला भाऊ आभार न मानता ठोसा लगावतो. कंजूष लबाडाचे ते सारे जुने प्रसंग आता निराळ्या प्रकाशात दिसू लागतात. २०१६ च्या अखेरच्या भागात दोघे भाऊ वेष बदलतात. बिल सायफर या दैत्याला फसविण्यासाठी स्टॅन्ली स्टॅन्फर्ड बनतो आणि स्वतःच्या स्मृतीचा नाश पत्करतो. ज्या नामसादृश्यावर चाहत्यांनी इतका खल केला, तेच येथे त्यागाचे साधन होते. ती स्मृती परत येते मेबलने चिकटवहीत जपलेल्या सुटीतील आठवणींनी. दुष्यंताच्या अंगठीचे काम येथे एका मुलीच्या चिकटवहीने केले आहे.

तेव्हा विश्वनाथाचा आक्षेप या मालिकेला सर्वस्वी लागू पडत नाही. भागांच्या शेवटी येणारी सांकेतिक वाक्ये बहुतांशी करमणूकच आहेत. ती गाळली तरी रसहानी होत नाही. जुळ्या भावाचे कूट मात्र रसाच्या आड न येता रसाकडे नेते. चाहत्यांच्या उपपत्तींनाही मी तुच्छ लेखणार नाही. त्यांपैकी पुष्कळ उपपत्ती पात्राला कुलूप समजतात आणि किल्ली फिरली की त्याच्याकडे पाठ फिरवितात, हा त्यांचा दोष खरा. परंतु उत्तर आधी ओळखता आले, हाच लेखकाने पुरावे प्रामाणिकपणे मांडल्याचा दाखला होय. हर्श यांनी त्या दाखल्याला पराभव समजण्याचे कारण नव्हते. ज्यांनी त्यांचे गुपित ओळखले, तेच त्यांचे सर्वांत सावध वाचक होते. आणि मेबलने आजोबांवर टाकला तेवढा विश्वास त्यांच्यावर टाकणे हर्श यांना परवडण्यासारखे होते.