नवशिक्याला वेगळा रस्ता नको

नोव्हेंबर २०२४मध्ये रेल्सची आठवी आवृत्ती आली. लॉगिनची सगळी व्यवस्था तयार करून देणारा एक जनरेटर तिच्यात होता. पुढच्या फेब्रुवारीत रिअ‍ॅक्टच्या चमूने ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ अधिकृतपणे निवृत्त केलं. २०१६पासून असंख्य नवशिक्यांचं रिअ‍ॅक्टशी पहिलं नातं याच अवजारातून जुळलं होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध कुणी जोडला नाही. मला मात्र दोन्हींच्या मागे एकच प्रश्न दिसतो, आणि त्यावर सध्या जी उत्तरं दिली जात आहेत त्यांतली बरीचशी चुकीची वाटतात.

लवचीक फ्रेमवर्क नवशिक्याला जड जातं आणि सोपं फ्रेमवर्क जाणत्याला अपुरं पडतं, असं आपल्या क्षेत्रात सर्रास म्हटलं जातं. त्यामुळे दोघांचे रस्तेच वेगळे करायचे, एकाला बंद डबा आणि दुसऱ्याला सुटे भाग द्यायचे, ही पद्धत रूढ झाली. ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ हे तिचं सर्वांत चोख उदाहरण. एक कमांड दिली की प्रोजेक्ट तयार. वेबपॅक, बेबल, टेस्टिंगची मांडणी सगळं एका पॅकेजच्या आत. पण एखादी सेटिंग बदलायची झाली की ‘इजेक्ट’ करावं लागे, आणि त्यातून परत फिरता येणार नाही असं डॉक्युमेंटेशनच बजावत असे. इजेक्ट केल्यावर नवशिक्याच्या फोल्डरमध्ये येऊन पडायचा तो त्याने कधीही न पाहिलेला कॉन्फिगरेशनचा ढीग. त्या क्षणापर्यंत त्याला काही शिकवलेलं नसे आणि त्या क्षणानंतर सगळी जबाबदारी त्याची. मधली पायरी नव्हतीच.

हे अवजार गेलं याचं मला दुःख नाही. त्याच्या जागी जे आलं त्याचा राग आहे. आज रिअ‍ॅक्टचं डॉक्युमेंटेशन नव्या माणसाला आधी एखादं फ्रेमवर्क निवडायला सांगतं: नेक्स्ट जेएस, रिअ‍ॅक्ट राउटर किंवा एक्स्पो. ते नको असेल तर व्हाइटसारखं बिल्ड टूल घेऊन राउटिंग आणि डेटा आणण्याची सोय स्वतः जुळवा. ज्याला कॉम्पोनंट म्हणजे काय हे अजून कळायचं आहे, त्याने आधी या पर्यायांमधून निवड करायची! आणि त्याने नेक्स्ट निवडलं तर? त्यातल्या अ‍ॅप राउटरमध्ये सर्व्हरवरून आणलेला डेटा सुरुवातीला आपोआप कॅश होत असे. ऑक्टोबर २०२४च्या पंधराव्या आवृत्तीत हा नियम उलटला. बदल योग्यच होता. पण पहिल्या धड्यात सांगावी लागते ती गोष्ट सुमारे दीड वर्षात फिरते, तेव्हा मूळ निर्णय कुणाचा विचार करून घेतला होता, हे विचारायला हवं.

आता रेल्सकडे वळतो. ‘बिन रेल्स जनरेट ऑथेंटिकेशन’ अशी कमांड दिली की तुमच्याच फोल्डरमध्ये युजर आणि सेशनची मॉडेल्स येतात, लॉगिन आणि पासवर्ड बदलण्याचे कंट्रोलर येतात, आणि हे सगळं बांधणारी एक छोटी फाइल येते. कोड साधा आहे, मध्यम तयारीचा विद्यार्थी एका बैठकीत वाचून काढू शकतो. लॉगिनच्या कंट्रोलरमध्ये एक ओळ दिसते: तीन मिनिटांत दहापेक्षा जास्त प्रयत्न झाले तर अडवा. पासवर्ड सारखा सारखा टाकून बघणाऱ्याला कसं रोखायचं, याचा अख्खा धडा त्या एका ओळीत आहे, आणि विद्यार्थी तो आकडा बदलून परिणाम पाहू शकतो. नव्या खात्याची नोंदणी मात्र जनरेटर देत नाही. ती तुम्ही लिहायची. ही उणीव असल्याची तक्रार अनेकांनी केली. मला तो उत्तम शैक्षणिक निर्णय वाटतो. बाकीचं वाचल्यावर नोंदणी लिहिणं अवघड राहत नाही, आणि ती प्रत्येक साइटची वेगळीच असते.

याआधी रेल्समध्ये लॉगिनसाठी बहुतेक जण डिव्हाइज हे जेम वापरत. अतिशय भक्कम काम. पण ज्याचं हे पहिलंच रेल्स अ‍ॅप आहे त्याने डिव्हाइज वापरू नये, असं त्याचे कर्तेच माहितीपत्रकात लिहितात. इतका प्रामाणिकपणा फार थोड्या प्रकल्पांनी दाखवला आहे. तरी लॉगिन तर पहिल्या अ‍ॅपलाही लागतंच.

रेल्सला हे शहाणपण आजच सुचलं असंही नाही. सुरुवातीच्या रेल्समध्ये कंट्रोलरात ‘स्कॅफोल्ड’ अशी एक ओळ लिहिली की नोंदी दाखवणं, घालणं, बदलणं, पुसणं सगळं चालू होई, आणि ते करणारा कोड प्रोजेक्टमध्ये कुठेच दिसत नसे. २००७च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ती ओळ काढली आणि कोड लिहून देणारा जनरेटर ठेवला. जँगोने तर त्याच्याही आधी, २००६मध्ये, असाच मोठा बदल केला होता. ज्या शाखेवर ते काम चाललं तिचं नावच ‘मॅजिक-रिमूव्हल’. त्यापूर्वी तुम्ही लिहिलेली मॉडेल्स जँगो पडद्याआड भलत्याच नावाच्या मोड्यूलमध्ये नेऊन ठेवत असे आणि तिथून ती आयात करावी लागत. तो प्रकार बंद होऊन मॉडेल म्हणजे पायथॉनचा साधा क्लास झाला. दोन्ही चमूंनी सोय राखली आणि लपवाछपवी काढली. लवचीकता आणि सुलभता यांचं भांडण तिथेच मिटायला हवं होतं.

जँगोबद्दल सविस्तर बोलायलाच हवं, कारण या प्रश्नाचा इतका खोल विचार दुसऱ्या कुणी केलेला नाही. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्रात ते जन्मलं. तिथे पान आज हवं म्हणजे आजच हवं असे. अ‍ॅडमिन बघा. एक ओळ लिहून मॉडेल नोंदवलं की नोंदी भरायचा पडदा तयार. यादीत कोणते रकाने दिसावेत हे ठरवायचं आहे? एक छोटा क्लास लिहा. प्रत्येक संपादकाला फक्त त्याच्याच बातम्या दिसाव्यात? त्याच क्लासातली एक मेथड बदला. पानाचं रूपच पालटायचं आहे? टेम्पलेट बदला. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे आणि वर चढताना खालचं काही मोडावं लागत नाही. पहिल्या दिवशीचा विद्यार्थी आणि दहा वर्षांचा अनुभवी माणूस एकाच जिन्यावर असतात, फक्त वेगवेगळ्या उंचीवर. डॉक्युमेंटेशनलाही हीच शिस्त. शिकवणारी प्रकरणं वेगळी, संदर्भ वेगळा, विषयवार विवेचन वेगळं. ‘जँगो गर्ल्स’च्या कार्यशाळा २०१४मध्ये बर्लिनला सुरू झाल्या आणि कधीही कोड न लिहिलेल्या बायका दिवसअखेर स्वतःचा ब्लॉग इंटरनेटवर चढवू लागल्या. त्यासाठी सोपं केलेलं वेगळं जँगो कुणी बनवलं नव्हतं. मोठमोठ्या साइट्स जे वापरतात तेच त्यांनी वापरलं.

जँगोही दोनदा घसरलं. २०११च्या क्लासवर आधारलेल्या व्ह्यूंमध्ये वारशाच्या इतक्या पातळ्या आल्या की कोणती मेथड कुठून येते हे शोधून देणारी स्वतंत्र साइट लोकांना उभारावी लागली. दुसरी चूक अधिक गंभीर. युजरचं मॉडेल सुरुवातीलाच स्वतःचं ठेवा, नंतर बदलणं कठीण जातं, असा सल्ला डॉक्युमेंटेशन अनेक वर्षं देत आलं, पण नवा प्रोजेक्ट सुरू करणारी कमांड मात्र ते करून देत नाही. म्हणजे ज्याने सल्ला वाचला नाही, अर्थात नवशिका, तोच पुढे अडकतो. जिन्याची एक पायरी इथे खरोखर निखळलेली आहे.

बाकीचं झटपट. अँग्युलर मोठ्या कंपन्यांच्या शिस्तीचं आहे, ते नवशिक्यासाठी लिहिलेलंच नाही. एक्सप्रेसला मी या चर्चेत धरत नाही, ते राउटर आहे. फ्लास्कची पहिली फाइल देखणी, पाचवी फाइल ज्याची त्याने शोधायची. लाराव्हेलचं डॉक्युमेंटेशन वाचनीय, आणि त्याने अकराव्या आवृत्तीत एसक्यूलाइट हा मूळ डेटाबेस केला हे चांगलं झालं. व्ह्यू जेएसचा हेतू निर्मळ आहे, साध्या स्क्रिप्ट टॅगपासून सुरुवात करता येते. पण ऑप्शन्स आणि कॉम्पोझिशन अशा दोन बोलींमध्ये डॉक्युमेंटेशन फिरवायचं बटण आलं आणि शिकणाऱ्याला आपण कुठल्या बोलीत आहोत हे सतत बघावं लागतं.

स्वेल्टचं मात्र थांबून कौतुक करायला हवं. पाचव्या आवृत्तीतल्या ‘रून्स’वर खूप टीका झाली. पूर्वी साधा ‘लेट’ लिहिला की पान आपोआप बदले, आता ‘स्टेट’ असं स्पष्ट लिहावं लागतं, सोपेपणा गेला, असं लोक म्हणाले. पण ते जुनं ‘लेट’ कॉम्पोनंटच्या वरच्या पातळीवरच चाले. तोच कोड वेगळ्या फाइलीत नेला की जादू बंद पडे आणि का बंद पडली ते कळत नसे. रून्स दोन्हीकडे सारखे चालतात. पहिल्या तासाला एक शब्द जास्त लिहून पुढचं वर्ष सोपं होतं. २००६च्या जँगोसारखंच हे धाडस आहे, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेले कॉम्पोनंटही चालू राहतील याची काळजी त्यांनी घेतली.

आपल्याकडचं एक उदाहरण या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटतं: मुंबईत घडलेलं फ्रॅपे, ज्यावर ईआरपीनेक्स्ट उभं आहे. त्यात डॉकटाइप, म्हणजे नोंदींचा आराखडा, पडद्यावर क्लिक करून बनवता येतो. डेव्हलपर मोड चालू असेल तर त्याचं वर्णन जेसन फाइलीत लिहिलं जातं आणि सोबत पायथॉनची फाइल येते, जिच्यात ‘व्हॅलिडेट’सारखी मेथड लिहून आपला नियम घालता येतो. क्लिक करणाऱ्या माणसाला कोडकडे जाणारी वाट त्याच फोल्डरमध्ये सापडते. हा विचार जागतिक दर्जाचा आहे. पण इन्स्टॉल करतानाच मारियाडीबी, रेडिस, नोड यांची गाठ पडते आणि बरेच जण पहिल्याच दिवशी उठून जातात. जँगो पहिल्या दिवशी डेटाबेसचा सर्व्हर मागत नाही. फ्रॅपेने इथे लक्ष घालावं.

लिहून दिलेला कोड प्रोजेक्टमध्ये आला की त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धा खरा आहे. पासवर्ड हॅश करणं, टोकनवर सही करणं हे नाजूक काम रेल्सने फ्रेमवर्कच्या आतच ठेवलं आहे. बाहेर आला तो जोडकाम करणारा कोड. दुसरा आक्षेप नवा: आता कोड एआय लिहितो, मग नवशिक्याची चिंता कशाला? उलट चिंता आता वाढली. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्याची जबाबदारी घेणं हेच नवशिक्याचं पहिलं काम झालं आहे, आणि ते शिकायला लॉगिनच्या त्या फाइलींपेक्षा चांगला पाठ माझ्या पाहण्यात नाही.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि पुण्यातल्या क्लासेसमध्ये याच्या बरोब्बर उलट चालतं. मर्न स्टॅक आधी: मोंगोडीबी, एक्सप्रेस, रिअ‍ॅक्ट, नोड. म्हणजे जिथे सगळे निर्णय स्वतः घ्यावे लागतात अशा जागी, एकही निर्णय न घेतलेल्या मुलाला बसवायचं. मग तो लॉगिनचा कोड कुठून तरी उचलतो, टोकन लोकल स्टोरेजमध्ये ठेवतो, आणि तसं का केलं हे तोंडी परीक्षेत सांगू शकत नाही. नोकरीच्या जाहिरातींत रिअ‍ॅक्ट मागतात म्हणून हा क्रम, असं समर्थन केलं जातं. जाहिरातीत शेवटचं कौशल्य लिहिलेलं असतं, शिकण्याचा क्रम नाही. ज्याला विनंती कशी येते, सेशन कुठे राहतं, मायग्रेशन कशासाठी असतं हे एकदा नीट कळलं, त्याला रिअ‍ॅक्ट नंतर झेपतं. उलट दिशेने ते होताना मला फार क्वचित दिसतं.

तेव्हा शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या सत्रात पहिले तीन महिने जँगो किंवा रेल्स द्या. जनरेटरने दिलेली प्रत्येक फाइल मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, तिच्यातली एक तरी ओळ बदलायला लावा, आणि परीक्षेत त्याच ओळीवर प्रश्न विचारा. एक्सप्रेस आणि रिअ‍ॅक्ट त्यानंतर.