आठव्या दिवसाचा आकडा आणि सुगीचा आकडा

माझ्या पीएच.डी.साठी बीजप्रक्रियेवरचे शोधनिबंध वाचते, तेव्हा एक उडी वारंवार दिसते: अमुक प्रक्रियेने उगवण वाढली, म्हणजे उत्पादन वाढणारच. आज या ‘म्हणजे’वरच बोलू.

आपल्या हातकणंगले-कागलकडचं सोयाबीनच घ्या. प्रयोगशाळेत त्याची उगवण चाचणी ओल्या कागदावर किंवा वाळूत होते आणि आठव्या दिवशी संपते. शेतातलं पीक मात्र शंभरेक दिवस उभं असतं. बी जिवंत असणं, रोप जोमदार असणं आणि पोतं भरणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजायची आणि तिसरीचा दावा करायचा, हे बरोबर नाही.

का नाही, ते बघा. शिफारशीप्रमाणे ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलं, तर हेक्टरी सुमारे ४.४४ लाख रोपं बसतात. थोडी कमी उगवली, तर शेजारचं रोप मोकळ्या जागेत फांद्या फोडतं आणि तूट बरीचशी भरून काढतं. त्यामुळे उगवणीतला पाच टक्क्यांचा फरक सुगीला दिसेलच असं नाही. विरळ झालं तर मात्र दिसतो. निबंधात हेक्टरी रोपसंख्याच दिलेली नसेल, तर काय समजायचं?

दुसरी अडचण जिवाणूंची. सोयाबीन जिथे कधी घेतलंच नाही, त्या जमिनीत रायझोबियम लावल्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या रानात हे जिवाणू आधीच मुरलेले असतात, तिथे फरक बऱ्याचदा किरकोळ निघतो. म्हणून रानाचा इतिहास न सांगणारा प्रयोग अर्धाच.

तिसरी गोष्ट सगळ्यात महाग पडते. ऑक्टोबर २०१९च्या अवकाळी पावसात सोयाबीन भिजलं. २०२०च्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभर हजारो तक्रारी झाल्या, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनचं टरफल पातळ, गर्भ अगदी त्याच्याखाली. भिजणं, मळणीतला मार, पोती आपटणं त्याला सोसत नाही. थायरम बुरशीपासून वाचवतं, पण मेलेल्या गर्भाला जीव देत नाही. तरीही ‘बीजप्रक्रिया करा’ हे एकच उत्तर पुढे केलं, की दोष आपोआप शेतकऱ्याच्या हातावर येतो. दुबार पेरणीचा खर्चही त्याच्याच माथी.

मग बीजप्रक्रिया करू नये का? करावीच. स्वस्त आहे, रोपावस्थेतली मर रोखते. क्रम पाळा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, पेरणीच्या तोंडावर जिवाणू संवर्धक, आणि बी सावलीतच सुकवा. सोयाबीन पाण्यात भिजत घालू नका, टरफल सुटतं. पण त्याआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवा. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पुरतं. पुढे प्रत्येक टक्का घटला, की अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली गेलं तर ते बी पेरूच नका.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘उगवण वाढली’ म्हणून बाटली दाखवली, तर तीन प्रश्न विचारा: किती हंगाम? कोणत्या रानात? आणि सुगीला काटा काय म्हणाला?