बास्केटबॉल संघांची जागतिक क्रमवारी : एका मापनपद्धतीचे परीक्षण

सप्टेंबर २०२३ मध्ये मनिला येथे जर्मन संघाने सर्बियाचा ८३–७७ असा पराभव करून विश्वविजेतेपद मिळविले. त्या स्पर्धेत त्याने एकही सामना गमावला नाही. उपांत्य फेरीत अमेरिकेसही ११३–१११ असे नमविले. अमेरिकेच्या वाट्यास चौथे स्थान आले, स्पेनच्या नववे. त्यानंतर ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या क्रमवारीत मात्र अमेरिका पहिली, स्पेन दुसरा आणि विश्वविजेता तिसरा! गणितात चूक नव्हती. तेव्हा ही क्रमवारी नेमके कशाचे मापन करते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

२०१७ पर्यंत प्रमुख स्पर्धांतील अंतिम स्थानांवरून गुण दिले जात. त्या वर्षी ही पद्धत टाकून प्रत्येक अधिकृत सामना हिशेबात घेण्यात आला. सामन्याचे १,००० मूलगुण उभय संघांत वाटले जातात : नऊपर्यंतच्या फरकाने जिंकल्यास ६००–४००, दहा ते एकोणीसच्या फरकाने ७००–३००, वीस वा अधिकास ८००–२००. प्रतिस्पर्ध्याचा दर्जा, सामन्याचे स्थळ व स्पर्धेचे महत्त्व यांचाही विचार होतो. आठ वर्षांचे सामने धरले जातात आणि जुन्यांचे वजन उतरत जाते. विसाच्या पुढे लाभ नसल्याने दुर्बळ संघास निष्कारण चिरडण्याचा मोह टळतो, ही योजना शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. नऊ आणि दहा यांतील भिंत मात्र कृत्रिम आहे. निकाल ठरून गेल्यावर पडलेली एखादी टोपली शंभर गुण फिरवते.

तथापि खरा दोष याहून खोल आहे. विश्वचषकाचे पात्रता सामने नोव्हेंबर-फेब्रुवारीतही होतात. त्या वेळी अमेरिकेतील ‘एन.बी.ए.’ स्पर्धा ऐन भरात असल्याने तेथील खेळाडू राष्ट्रीय संघास मिळत नाहीत. युरोपीय अजिंक्यपद जिंकूनही दुसरा राहिलेला स्पेन नोव्हेंबर २०२२ मधील अशाच सामन्यांनंतर अग्रस्थानी पोहोचला. म्हणजे एका नावाखाली दोन भिन्न संघांचा जमाखर्च मांडला जातो. पात्रता सामन्यांना वजन कमी दिले आहे खरे. परंतु त्यामुळे एकाची करणी दुसऱ्याच्या खात्यावर पडायची थांबत नाही. हा वाद निव्वळ मानाचा नव्हे. स्पर्धांची गटवाटणी करताना याच क्रमवारीचा आधार घेतला जातो, आणि खालच्या क्रमाच्या संघास प्रारंभीच बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी गाठ पडण्याची किंमत मोजावी लागते.